चेहऱ्याच्या दुखापतीनंतरची बधिरता केसपेपरवर नोंदवली जावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक शहरातील आणि जिल्ह्यातील दुचाकी अपघातांच्या बातम्या आपल्या दैनिकात जवळजवळ रोज असतात. द्वारका, मुंबई नाका, पेठ रोड, दिंडोरी रोड, सिन्नरकडे जाणारा महामार्ग ही नावे वाचकांना पाठ झाली आहेत. जखमींवर उपचार करून त्यांना घरी सोडण्यात आले, या वाक्याशी अशी बातमी बहुधा संपते आणि बातमीपुरते ते योग्यही आहे. परंतु ज्यांच्या चेहऱ्याला मार लागलेला असतो, त्यांच्यापैकी अनेकांचा एक दीर्घ त्रास घरी आल्यावरच त्यांच्या लक्षात येतो. सूज उतरते, टाके निघतात, आणि गालाचा, ओठाचा किंवा हनुवटीचा एक भाग आपला नाहीच असे वाटत राहते. या बधिरतेविषयी रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी स्पष्टपणे सांगितले जावे, ती कागदावर नोंदवली जावी आणि तिचा पाठपुरावा व्हावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी स्वतः या त्रासातून गेले आहे. त्र्यंबक रोडवर स्कूटरवरून पडून माझ्या उजव्या गालाचे हाड मोडले. शस्त्रक्रियेने ते जागेवर बसवून बारीक पट्ट्या लावण्यात आल्या, आणि हाडाच्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही. मात्र उजव्या डोळ्याखालचा भाग, नाकाची उजवी बाजू, वरचा ओठ आणि वरचे पुढचे दात यांना काहीच कळत नव्हते. कपाची कड ओठाला लागली की नाही हे समजत नसे, नाकातून पाणी आले तर ते दुसऱ्याने सांगितल्यावर कळे, आणि भाताचे शीत ओठाला चिकटून राही. मी विचारले तेव्हा ‘होईल हळूहळू’ एवढेच उत्तर मिळाले. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण हळूहळू म्हणजे किती, कोणत्या क्रमाने, आणि नाही झाले तर कोणाकडे जायचे, हे कोणीही सांगितले नाही. पुढे एका मॅक्सिलोफेशियल सर्जननी, म्हणजे तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांच्या शल्यचिकित्सकांनी, कागदावर चेहऱ्याची आकृती काढून मला सगळे समजावून दिले. त्या एका बैठकीने माझी निम्मी भीती गेली. शाळेत वर्षानुवर्षे विज्ञान शिकवल्यामुळे मला मज्जासंस्थेची तोंडओळख होती आणि प्रश्न विचारण्याचा संकोच नव्हता. सुरगाण्याहून किंवा पेठहून नाशिकला आणलेल्या, घरातल्या एकट्या कमावत्या माणसाने हे प्रश्न कोणाला विचारायचे?

चेहऱ्याला स्पर्श, वेदना, थंड आणि गरम यांची जाणीव देणारी नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) ट्रायजेमिनल या नावाने ओळखली जाते. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी. तिच्या तीन मोठ्या शाखा आहेत. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तर तिसरी खालचा जबडा, खालचा ओठ, हनुवटी आणि जिभेच्या पुढच्या भागाकडे. दुसऱ्या शाखेची एक उपशाखा डोळ्याच्या खोबणीच्या तळातून, हाडाच्या एका अरुंद बोगद्यातून पुढे येते आणि डोळ्याखाली एका छोट्या छिद्रातून गालात उतरते. गालाचे हाड बहुतेक वेळा नेमके याच रेषेत तुटते, त्यामुळे त्या अस्थिभंगात गाल आणि वरचा ओठ बधिर होणे ही अपवादात्मक घटना नसून अगदी नेहमीची गोष्ट आहे. खालचा जबडा मोडला तर त्याच्या आतून जाणारी नस सापडते आणि खालचा ओठ व हनुवटी बधिर होते. अक्कलदाढ काढताना किंवा दाताचे इम्प्लांट बसवतानाही कधी कधी हीच नस दुखावते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण ओळखीच्या अनेक शिकलेल्या माणसांचाही या बाबतीत घोटाळा होताना मी पाहिला आहे. चेहऱ्याची जाणीव आणि चेहऱ्याची हालचाल या दोन वेगळ्या नसांच्या अखत्यारीतील गोष्टी आहेत. डोळा मिटणे, हसणे, गाल फुगवणे ही कामे सातव्या नसेची, म्हणजे फेशियल नर्व्हची आहेत. तोंड वाकडे होणे, डोळा पूर्ण न मिटणे ही त्या नसेच्या दुखापतीची लक्षणे होत, आणि त्यांचे उपचार व त्यांची निकड वेगळी असते. माझा ओठ बधिर होता, पण तोंड सरळ होते. तरीही शेजारपाजारच्यांनी ‘तोंडावरून वारं गेलं’ असे ठरवून टाकले आणि तेलाच्या मालिशीपासून कबुतराच्या रक्तापर्यंतचे सल्ले दिले. याउलट, कोणतीही दुखापत नसताना अचानक चेहरा बधिर झाला, त्यासोबत हातापायातील शक्ती गेली किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो आणि तेव्हा एक मिनिटही घरी थांबू नये.

नस किती दुखावली आहे यावर ती किती लवकर बरी होणार हे अवलंबून असते. हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९४३ मध्ये नसांच्या दुखापतींची तीन पायऱ्यांत मांडणी केली आणि आजही डॉक्टर तिचाच आधार घेतात. पहिल्या प्रकारात नस दबलेली किंवा ताणलेली असते, तिचे तंतू तुटलेले नसतात. अशी नस काही दिवसांत ते दोन-तीन महिन्यांत पुन्हा काम करू लागते. दुसऱ्या प्रकारात आतील तंतू तुटतात, परंतु त्यांच्याभोवतीची आवरणे शाबूत राहतात. तुटलेल्या जागेपुढचा तंतू झिजून जातो आणि मागच्या टोकाकडून नवा तंतू त्याच आवरणातून पुढे वाढत जातो. या वाढीचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम तीन सेंटिमीटर असतो. डोळ्याखालून ओठापर्यंतचे अंतर बोटांनी मोजून पाहिले, आणि सुरुवातीचा झीज-दुरुस्तीचा काळ त्यात धरला, म्हणजे ओठाला जाग यायला कित्येक महिने का लागतात हे समजते. तिसऱ्या प्रकारात नस संपूर्ण तुटलेली असते आणि ती शस्त्रक्रियेवाचून नीट जुळून येण्याची आशा फारच कमी असते.

हा वेग मला पहिल्या आठवड्यात कोणी सांगितला असता तर मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून गाल चिमटून पाहिला नसता. शेत पेरून दुसऱ्या दिवशी उकरून पाहण्यासारखेच ते होते.

बरे होण्याचीही एक रीत असते आणि ती माहीत नसेल तर माणूस उलट घाबरतो. बधिर भागात प्रथम मुंग्या येऊ लागतात, मधूनच विजेचा झटका बसल्यासारखी चमक जाते, खाज सुटते पण खाजवल्याचे कळत नाही. टोचणे आणि थंड-गरम यांची जाणीव साधारणपणे आधी परत येते, हलका स्पर्श नंतर, आणि स्पर्श नेमका कोठे झाला हे ओळखण्याची क्षमता सर्वांत शेवटी. नाकाशेजारी बोट लावले तर ओठाला लागल्यासारखे वाटते, कारण वाढत आलेल्या तंतूंपैकी काही चुकीच्या ठिकाणी पोहोचलेले असतात आणि मेंदूला हा नवा नकाशा शिकून घ्यावा लागतो. माझ्या बाबतीत मुंग्या सुरू झाल्या तेव्हा थंडीचे दिवस होते. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत होत्या, आणि सकाळी रिक्षात बसले की वाऱ्याची झुळूक गालाला अक्षरशः बोचत असे. मला वाटले की काहीतरी बिघडले. प्रत्यक्षात ती नस जागी होत असल्याची खूण होती. गालावरून मऊ मफलर गुंडाळणे एवढाच त्यावरचा उपाय होता.

मेंदूला हे शिकवण्यासाठी करावयाचा सराव अगदी साधा आहे, आणि तो सांगायला डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना फारसा वेळ लागणार नाही. आरशासमोर बसून कापसाच्या बोळ्याने, मऊ ब्रशने किंवा सुती कापडाने आधी चांगल्या बाजूला आणि मग त्याच जागी बधिर बाजूला हळूच स्पर्श करायचा, तो डोळ्यांनी पाहायचा, नंतर डोळे मिटून ओळखण्याचा प्रयत्न करायचा. दिवसातून काही वेळा, थोडा थोडा वेळ, महिनोन् महिने. त्यामुळे नस लवकर वाढते असे नाही, परंतु जी जाणीव परत येते तिचा अर्थ मेंदूला चांगला लावता येतो. जखम भरून आल्याशिवाय आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय मात्र हा सराव सुरू करू नये. व्हिटॅमिन बी-१२ च्या गोळ्या आपल्याकडे अशा वेळी सर्रास दिल्या जातात. शरीरात त्याची कमतरता असेल तर त्या निश्चित उपयोगी आहेत, आणि शाकाहारी माणसांत ती कमतरता पुष्कळदा आढळते; पण गोळ्या सुरू आहेत म्हणून तपासणीची गरज उरत नाही, असा समज रुग्णाने करून घेऊ नये.

या काळात घरी घ्यायची काळजी हा खरोखर जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण बधिर कातडीला इजा झाली तर ती कळत नाही. चहा, आमटी, मिसळीची तर्री यांनी ओठ भाजतो आणि फोड आल्यावरच लक्षात येते, म्हणून गरम पदार्थ आधी चांगल्या बाजूने किंवा बोटाने तपासून घ्यावेत. जेवताना ओठ किंवा गालाची आतली बाजू दाताखाली येते. पुरुषांना दाढी करताना कापते. आपल्या घरोघरी मार लागला की मिठाच्या गरम पुरचुंडीने शेकण्याची पद्धत आहे. बधिर गालावर असा शेक देणे धोक्याचे आहे, आणि बर्फ थेट लावून ठेवणेही तितकेच वाईट. गालाचे हाड किंवा डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडलेला असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत जोराने नाक शिंकरू नये, कारण सायनसमधील, म्हणजे गालाच्या हाडामागील पोकळीतील हवा पापणीच्या कातडीखाली शिरून डोळा एकाएकी सुजू शकतो. कपाळाकडची शाखा दुखावली असेल तर डोळ्याच्या बुबुळालाही जाणीव राहत नाही. त्यात कचरा गेलेला कळत नाही आणि जखम होते, तेव्हा नेत्रतज्ज्ञांना दाखवणे टाळू नये.

काही वेळा मात्र वाट पाहत बसणे चुकीचे ठरते. एकाचे दोन दिसणे, डोळा आत गेल्यासारखा वाटणे, नजर कमी होणे, तोंड नीट न उघडणे किंवा दात पूर्वीसारखे एकमेकांवर न बसणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे लागते. त्यांचे हाड लवचीक असल्याने खोबणीच्या तळातील फटीत डोळ्याचा स्नायू अडकतो; डोळा वरून साधा दिसतो, पण मुलाला वर पाहता येत नाही आणि उलट्या होतात. त्या वेळी तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज असते. मोठ्यांमध्ये गालाचे हाड सरकले असेल तर सूज उतरल्यावर, साधारण दोन आठवड्यांच्या आत ते बसवणे सोयीचे असते; नंतर ते आहे त्या जागी जुळू लागते.

धारदार वस्तूने झालेल्या जखमेचा तर वेगळा विचार व्हायला हवा, आणि आपल्या जिल्ह्यात तो नायलॉन मांजामुळे दरवर्षी समोर येतो. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी या मांजावर देशभर बंदी घातली, तरीही संक्रांतीच्या सुमारास नाशिक आणि येवल्यात दुचाकीस्वारांचे गळे आणि चेहरे कापले जातातच. बोथट माराने नस दबते, पण मांजाने ती कापली जाते. गालावरच्या अशा जखमेला केवळ वरून टाके घालण्यापूर्वी रुग्णाला डोळे मिटायला, दात दाखवायला आणि कापसाचा स्पर्श ओळखायला सांगितले पाहिजे. हालचालीची नस कापली गेली असेल तर तिचे पुढचे टोक पहिले सुमारे ७२ तासच विद्युत उत्तेजनाला प्रतिसाद देते आणि तोवर ते शोधून जोडणे शल्यचिकित्सकाला सोपे जाते. जागेवर भूल देण्याचे इंजेक्शन दिल्यानंतर ही तपासणी करून काहीच उपयोग नसतो.

या सर्वांत मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट नोंदीची आहे. सी.टी. स्कॅनमध्ये हाडाची रेघ दिसते, जाणीव दिसत नाही. ती फक्त विचारून आणि स्पर्श करून कळते. शस्त्रक्रियेपूर्वी कोणता भाग किती बधिर होता हे लिहिलेले नसेल, तर पुढे सुधारणा झाली की नाही हे कशाशी ताडून पाहणार? शस्त्रक्रियेनेच बधिरता आली असा गैरसमज रुग्णाचा होतो आणि विनाकारण डॉक्टरांविषयी किंतु निर्माण होतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाणाऱ्या रुग्णाजवळही मग या त्रासाचा एक ओळीचा पुरावा नसतो. चेहरा तर बाहेरून ठीक दिसत असतो. कापसाचा बोळा, बोथट केलेली टाचणी आणि थंड पाण्यात बुडवलेला चमचा एवढ्या साहित्यावर काही मिनिटांत डोळ्याखाली, नाकाशेजारी, वरच्या ओठावर आणि हनुवटीवर दोन्ही बाजूंची तुलना करता येते. हीच तपासणी ठरावीक अंतराने पुन्हा केली, तर जेथे सुधारणा अजिबात दिसत नाही तो रुग्ण वेळेत ओळखू येतो. जबड्यातील नसेच्या बाबतीत सुमारे तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर सूक्ष्मशल्यक्रियेचा सल्ला घ्यावा लागतो आणि फार उशीर झाला तर तिचा लाभ घटतो. काहींच्या बाबतीत बधिरतेची जागा जळजळणारी वेदना घेते. साध्या वेदनाशामक गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन अशा वेगळ्या गटातील औषधांची गरज पडते, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. अशा रुग्णाला दर वेळी नुसती वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तिच्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. जीव वाचवण्याच्या दृष्टीने ही योजना मोलाची आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु नसेच्या दुखापतीची खरी वाटचाल सात दिवसांनंतर सुरू होते, आणि तेथे रुग्ण एकटा पडतो. म्हणूनच घरी सोडताना त्याच्या हातात मराठीतील एक पानी माहितीपत्रक असावे. त्यात चेहऱ्याची आकृती असावी, बधिर भाग पेनाने रंगवून दाखवलेला असावा, अपेक्षित कालावधी, घ्यायची काळजी, धोक्याची लक्षणे आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी. यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

नाशिकला हे करणे अवघड नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला आहे. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, आणि चेहऱ्याच्या अस्थिभंगांवर उपचार करणारे मुखशल्यचिकित्सक दंतवैद्यकाच्याच पदव्युत्तर शिक्षणातून तयार होतात, ही गोष्ट सामान्य माणसाला ठाऊक नसते. त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात संपूर्ण जिल्ह्यातून जखमी येतात. या तिघांनी मिळून पत्रकाचा मसुदा केला आणि आठवड्यातून एक दिवस चेहऱ्याच्या दुखापतींच्या पाठपुराव्यासाठी बाह्यरुग्ण विभाग ठेवला, तर ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांनाही रुग्ण कोठे पाठवायचा हे निश्चित कळेल. २०२७ च्या सिंहस्थासाठी आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे नियोजन चालू आहे. गर्दीत पडून तोंडाला लागणे अशा प्रसंगी अगदी संभवते, तेव्हा त्या नियोजनातही मुखशल्यचिकित्सकांना स्थान मिळावे.

हेल्मेटविषयी एवढेच, की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे ते सक्तीचे आहे आणि नाशिकच्या पोलिसांनी त्यासाठी वेळोवेळी मोहिमाही राबवल्या आहेत. पण दंड टाळण्यापुरते डोक्यावर ठेवलेले अर्धे हेल्मेट गाल आणि जबडा उघडाच ठेवते. संपूर्ण चेहरा झाकणारे, आयएसआय चिन्ह असलेले आणि पट्टा लावलेले हेल्मेट घ्यावे, हे अंबड आणि सातपूरच्या पाळ्यांना रात्री-अपरात्री ये-जा करणाऱ्या कामगारांना त्यांच्या कारखान्यांनीच सांगावे आणि जमल्यास पुरवावे.

माझ्या गालाची जाणीव आता बरीचशी परत आली आहे. ओठाच्या उजव्या कडेला थोडी बधिरता उरली आहे आणि ती कदाचित तशीच राहील, असे मला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितले आहे. आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या मुखशल्यचिकित्सकांचा या विषयावरील लेख छापावा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे माहितीपत्रकाविषयी विचारणा करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मसुद्याच्या मराठी भाषेसाठी माझी काही मदत होणार असेल तर ती करण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक